लाइट जाणार हे धरूनच बांधा घरची लॅब

पनवेलजवळ २०२० साली योट्टा कंपनीचे भलेमोठे डेटा सेंटर सुरू झाले. पलीकडे महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात अशी केंद्रे वाढतच आहेत. पेण आणि रोह्यातली कितीतरी मुले रोज रेल्वेने किंवा एसटीने याच पट्ट्यात नोकरीला जातात, आणि कितीतरी जायची तयारी करतात. तिथल्या मुलाखतीत व्याख्या फारशा विचारत नाहीत. डिस्क गेली तेव्हा काय केलेत, व्हीलॅन कसे आखलेत, बंद पडलेली व्हर्च्युअल मशीन कुठून परत आणलीत, असे विचारतात. पाठ केलेले उत्तर पुढच्याच उपप्रश्नाला अडखळते. हाताने केलेले असेल तर अडखळत नाही, आणि हाताने करण्यासाठी घरातली एक लहानशी लॅब पुरते.

लॅब म्हणजे एखादा जुना पण धडधाकट संगणक, त्यावर हायपरवायझर नावाची प्रणाली, आणि तिच्यात एकमेकांपासून वेगळी चालणारी पाच-दहा व्हर्च्युअल मशीन. एका मशीनमध्ये लिनक्स सर्व्हर, दुसऱ्यात विंडोज, तिसऱ्यात फायरवॉल. एक मोडली तरी बाकीच्या चालू राहतात. सोबत माहिती ठेवायला एक-दोन डिस्क आणि सगळ्यांना जोडणारा स्विच.

बहुतेक जण सुरुवात यंत्राच्या खरेदीपासून करतात. रायगडात क्रम उलटा ठेवावा. आधी वीज, मग जागा, त्यानंतर यंत्र, साठवण, नेटवर्क, आणि शेवटी त्यावर काय चालवायचे ते. प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे आत्ता बंद पडले, तर कोणाला न विचारता मला परत उभे करता येईल का? उत्तर 'हो' येईपर्यंत पुढची वस्तू विकत घेऊ नका.

आधी वीज

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि जिल्ह्यातल्या अनेक गावांना कित्येक दिवस अंधारात काढावे लागले. असे संकट रोज येत नाही. पण मे महिन्यातला वळीव, झाडाची फांदी तारेवर पडणे, देखभालीसाठी पुरवठा बंद असणे, आणि लाइट दहा मिनिटांत चार वेळा ये-जा करणे हे नेहमीचेच. लाइट गेल्याने यंत्र सहसा बिघडत नाही. डिस्कवर लिहिणे अर्धवट राहते, आणि परत येताना दाब उसळतो, त्याने बिघडते.

घरात इन्व्हर्टर असेल तर आधी त्याची पाठ बघा. बहुतेक इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असा खटका असतो. इको मोडमध्ये बॅटरीवर जायला वेळ लागतो. पंखा, दिवा यांना तो जाणवत नाही, पण संगणक तेवढ्यात पुन्हा सुरू होतो. यूपीएस मोडमध्ये बदल लवकर होतो, मात्र तो साधारण १८० व्होल्टच्या खाली दाब गेला की बॅटरीवर उडी मारतो. संध्याकाळी दाब उतरणाऱ्या वाडीत त्यामुळे बॅटरी लाइट असतानाच संपते. म्हणून आठवडाभर संध्याकाळचा दाब मल्टिमीटरने पाहा, मग खटका कुठे ठेवायचा ते ठरवा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर संगणक त्यावर थेट लावू नका. साइन वेव्हचाच हवा.

इन्व्हर्टर असला तरी लॅबला स्वतःचा लहान यूपीएस असावा. घेताना एकच गोष्ट आग्रहाने पाहा: मागे यूएसबी डेटा पोर्ट आहे का. स्वस्त यूपीएसना तो नसतो, आणि तो नसेल तर लाइट गेल्याचे संगणकाला कळत नाही. पोर्ट असेल तर 'नट' हे मोफत सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी ठरवलेल्या पातळीवर उतरली की ते सगळ्या व्हर्च्युअल मशीन नीट बंद करून होस्टही, म्हणजे मूळ संगणकही, बंद करते. यूपीएस थेट महावितरणच्या पुरवठ्यावर असेल तर त्याला लाइट गेल्याचे लगेच कळते. इन्व्हर्टरच्या मागे असेल तर इन्व्हर्टर दमल्यावरच कळते. दोन्ही चालते, फक्त आपल्याकडे काय आहे ते माहीत हवे.

इथे एक फसवी जागा आहे. होस्ट बंद झाला आणि यूपीएसची बॅटरी संपण्याआधीच लाइट आली, तर संगणकाच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. तो बंदच राहतो, आणि तुम्ही तोवर मुंबईच्या गाडीत असता. म्हणून होस्ट बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचा पुरवठा तोडावा अशी सोय 'नट'मध्ये लावा, आणि बायॉसमध्ये 'वीज परतल्यावर सुरू हो' हा पर्याय निवडा. हे जुळले की नाही ते भिंतीवरचे बटण बंद करून खरोखर तपासा.

अर्थिंग हा न दिसणारा भाग. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसरी तार कुठेच गेलेली नसते. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी तो दोष काढा.

आता लाइटबिल. १५ वॅट खाणारा लहान संगणक महिनाभर अखंड चालला तर सुमारे ११ युनिट होतात. कचऱ्याच्या भावात मिळालेला जुना रॅक सर्व्हर काही न करता १५० वॅट खातो. त्याचे महिन्याला १०८ युनिट होतात. शंभर आणि तीनशे युनिटांवर दराचा टप्पा बदलतो, त्यामुळे घरचा वापर आधीच काठावर असेल तर भार नुसता वाढत नाही, वरच्या दराने वाढतो. शिवाय त्याचा पंखा रात्रभर घोंघावतो. फुकट मिळाला तरी रॅक सर्व्हर घरात आणू नये, यामागे एवढे कारण पुरे.

जागा: ओल, धूळ आणि पाली

कोकणातला पाऊस छपरातूनच येतो असे नाही, हवेतूनही येतो. तीन-चार महिने ओलीत बंद पडून राहिलेल्या यंत्राच्या जोडांवर हिरवट गंज चढतो. चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडे राहते, म्हणून पावसाळ्यात लॅब महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा चालू ठेवलेली बरी. बंद ठेवायचीच असेल तर डिस्क काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

पेण, हमरापूर, जोहे या भागात गणपतीचे कारखाने घरोघरी आहेत. मूर्ती घासताना उडणारे प्लास्टरचे पीठ इतके बारीक असते की ते पंख्यातून आत जाऊन हीटसिंकवर बसते, आणि ओल मिळाली की तिथेच घट्ट होते. घरात कारखाना असेल तर लॅब कामाच्या खोलीपासून दूर, दार बंद राहील अशा जागी ठेवा. जाळीला पातळ फिल्टर लावा आणि तो दर पंधरवड्याला झटका. धाटावच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी उघड्या खिडकीखाली यंत्र ठेवू नये. हवेत गंधकाचे वायू असतील तर तांबे आणि चांदीचे जोड काळे पडतात, मग मेमरीची पट्टी अधूनमधून 'सापडेनाशी' होते.

जागा जमिनीपासून किमान तीन फूट उंच असावी. तळमजल्यावर हे पुराच्या पाण्यासाठी, आणि उंदरांसाठीही. कौलांच्या पन्हळीखाली नको, स्वयंपाकघरालगत नको, बंद कपाटात तर मुळीच नको. पॉवर सप्लायच्या उबेला पाल आणि मुंग्या येतात. पाल आत शिरली की शॉर्ट होऊन दोघेही जातात. मोकळ्या खाचांना बारीक जाळी लावणे हा दहा मिनिटांचा उद्योग आहे, आळस करू नका.

यंत्र

पहिल्या लॅबसाठी कार्यालयांतून निवृत्त झालेले मिनी पीसी सर्वांत सोयीचे. लेनोव्होचे 'टायनी', डेलचे 'मायक्रो', एचपीचे 'मिनी' ही त्यांची घराणी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइनही ते मिळतात. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा. मेमरी १६ जीबीपेक्षा कमी नको. ३२ जीबी असेल तर दोन-तीन वर्षे काही वाढवावे लागत नाही. घरच्या लॅबमध्ये प्रोसेसर क्वचितच कमी पडतो, कमी पडते ती मेमरी.

विकत घेताना चार गोष्टी तिथेच तपासा. बायॉसला जुन्या मालकाचा पासवर्ड नाही ना? मेमरीच्या दोन खाचा आहेत ना? आत एक एनव्हीएमई आणि एक अडीच इंची डिस्क, अशा दोन्ही बसतात ना? सोबतचा चार्जर त्याच कंपनीचा आणि योग्य वॅटचा आहे ना? काही मिनी पीसी परका चार्जर दिसला की प्रोसेसर मुद्दाम संथ चालवतात, आणि ते कळायला महिना जातो.

घरात पडलेला लॅपटॉपही चालतो. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही अशी सेटिंग करा, आणि फुगलेली बॅटरी असेल तर ती आधी काढा. चोवीस तास चार्जरवर असलेली फुगीर बॅटरी घरात ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

पैशांची वाटणी अशी ठेवा: निम्मे यंत्राला, चौथा हिस्सा डिस्कना, उरलेले यूपीएस, स्विच आणि केबलला. सगळे पैसे यंत्रात घालून यूपीएस 'पुढच्या महिन्यात' घेणाऱ्यांचा पुढचा महिना सहसा पावसाळ्यात येतो.

हायपरवायझर

लिनक्समध्ये केव्हीएम २००७ साली आले आणि व्हर्च्युअल मशीन चालवणे हे कर्नेलचेच काम झाले. त्याच्यावर उभे असलेले प्रॉक्समॉक्स व्हीई ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या कंपनीचे. पहिली आवृत्ती २००८ ची. ते डेबियनवर चालते, मुक्त आहे आणि ब्राउझरमधून सांभाळता येते. व्हीएमवेअर २०२३ च्या अखेरीस ब्रॉडकॉमकडे गेली, २०२४ मध्ये तिच्या ईएसएक्सआय या हायपरवायझरची मोफत आवृत्ती बंद झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा मिळू लागली. ही धरसोड पाहता शिकणाऱ्याने सुरुवात प्रॉक्समॉक्सपासून करावी. मोठ्या कंपन्यांत व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही अजून भरपूर आहेत, पण संकल्पना एकदा हाती आल्या की पडदा बदलला तरी गोंधळ होत नाही.

बसवण्याआधी बायॉसमध्ये व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी चालू करा. एएमडी असेल तर एसव्हीएम. पेनड्राइव्हवरून प्रणाली बसते, त्याला अर्धा तास पुरतो. होस्टला स्थिर आयपी पत्ता द्या, नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाला की लॅब 'हरवते'. बसवल्यावर पहिले काम म्हणजे पैसे भरणाऱ्यांसाठी असलेली सॉफ्टवेअरची रिपॉझिटरी बंद करून विनाशुल्क रिपॉझिटरी चालू करणे. तोवर अपडेट करताना त्रुटीचा संदेश येत राहतो.

त्यानंतर एक लिनक्स मशीन नीट तयार करा: अपडेट केलेली, वेळ भारतीय प्रमाणवेळेवर, तुमचा वापरकर्ता आणि एसएसएच किल्ली घातलेली. तिला 'टेम्प्लेट' करून टाका. हा कारखान्यातला साचा समजा. रंग, दागिने पुढे प्रत्येक मूर्तीला वेगळे, पण बैठक एकच. यापुढे नवी मशीन हवी तेव्हा क्लोन काढायचा, दोन मिनिटांत हातात. साधी सेवा असेल, उदाहरणार्थ जाहिराती रोखणारे पाय-होल, तर संपूर्ण मशीनऐवजी एलएक्ससी कंटेनर वापरा. काही शे एमबी मेमरीत भागते.

विंडोज सर्व्हर शिकायचा असेल तर मायक्रोसॉफ्टची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती अधिकृतपणे मिळते. 'क्रॅक' केलेली फाइल घरच्या नेटवर्कमध्ये आणू नका.

साठवण

दोन सारख्या आकाराच्या डिस्क घ्या आणि झेडएफएस या फाइल प्रणालीचा मिरर करा. मिनी पीसीत एक एनव्हीएमई आणि एक साटा अशी जोडी चालते; वेग हळू डिस्कचा मिळेल, पण एक गेली तरी काम थांबणार नाही. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची बेरीज लिहून ठेवते आणि वाचताना ती जुळते का ते पाहते. एकच डिस्क असेल तर बिघाड झाल्याचे ते सांगू शकते. दुरुस्त करायला दुसरी प्रत लागते, ती मिररमध्ये असते. महिन्यातून एकदा 'स्क्रब' चालवला की न उघडलेल्या फायलींतली सडही उघडी पडते.

झेडएफएस मोकळी मेमरी कॅश म्हणून वापरते. प्रॉक्समॉक्सच्या नव्या आवृत्त्या त्यावर स्वतःच मर्यादा घालतात, जुन्या घालत नाहीत. १६ जीबीच्या यंत्रावर ती मर्यादा दोन जीबीच्या आसपास आहे का ते पाहा.

मोठ्या फिरत्या हार्ड डिस्क घेताना 'सीएमआर' प्रकारची आहे ना, हे विचारा. 'एसएमआर' डिस्कवर पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. नुसत्या बॅकअपला त्या चालतात, पण बदललेली डिस्क पुन्हा भरून निघताना त्या इतक्या रेंगाळतात की झेडएफएस त्यांना मेलेले समजते. २०२० साली डब्ल्यूडीच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या तेव्हा जगभर याच कारणाने ओरड झाली. यूएसबीने लटकवलेल्या डिस्कवर मिरर करू नका. केबल हलली की मिरर फुटतो.

पुढची फट 'थिन' साठवणीची. दहा मशीनना प्रत्येकी ५० जीबी दिले आणि खरी डिस्क २५० जीबीची असली, तरी सुरुवातीला सगळे छान चालते, कारण जागा लागेल तशीच खर्च होते. ती भरली की मात्र सगळ्या मशीन एकाच वेळी लटकतात. ८० टक्क्यांवर इशारा लावा.

माहितीची देवाणघेवाण करायला घरच्या विंडोज संगणकांसाठी एसएमबी, लिनक्ससाठी एनएफएस. आयस्कझी नंतर शिकण्यापुरते करा. आणि एक गाठ आधीच सोडवून ठेवा: फाइल सर्व्हर त्याच होस्टवरची मशीन असेल आणि बाकीच्या मशीन त्याच्यावर अवलंबून असतील, तर लाइट आल्यावर कोण आधी उठणार? प्रॉक्समॉक्समध्ये सुरू होण्याचा क्रम आणि मधला विलंब लिहिता येतो. फाइल सर्व्हर पहिला, दोन मिनिटांनी बाकीचे.

नेटवर्क

पहिला नियम घरातल्या शांततेचा: घरच्यांचे इंटरनेट लॅबवर टांगू नका. फायरवॉलची मशीन तुम्ही मोडणारच, त्यासाठीच ती आहे. पण त्याच वेळी आईची मालिका आणि बहिणीचा ऑनलाइन क्लास बंद पडला, तर लॅबचे आयुष्य आठवड्यापुरतेच. इंटरनेट कंपनीचा राउटर घराला राहू द्या, लॅब त्याच्या मागे वेगळी.

त्यासाठी व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी आभासी नेटवर्क, चालवणारा आठ पोर्टचा स्वस्त मॅनेज्ड स्विच घ्या. तीन भाग पुरेत: व्यवस्थापनासाठी १०, सर्व्हरसाठी २०, मोडतोडीच्या प्रयोगांसाठी ३०. प्रॉक्समॉक्समधल्या ब्रिजला 'व्हीलॅन अवेअर' ही खूण करा, स्विचचा होस्टकडचा पोर्ट टॅग्ड ठेवा, आणि ओपीएनसेन्स नावाच्या मोफत फायरवॉलची मशीन मधोमध बसवा. प्रयोगांच्या भागातून व्यवस्थापनाच्या भागात काही जाणार नाही असा नियम लिहा आणि तो पाळला जातो का ते पिंग करून पाहा. मिनी पीसीला नेटवर्कचा एकच पोर्ट असला तरी एवढे सगळे त्याच एका तारेवर चालते.

पत्ते निवडताना १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.२९ ने सुरू होणारे टाळा. घरोघरच्या राउटरवर हेच असतात, आणि पुढे मित्राच्या घरून लॅबला जोडताना दोन्हीकडे एकच पत्ता आला की वाट चुकते. १०.४७.२०.० सारखा आडवळणाचा पट्टा घ्या. व्हीलॅन बदलताना होस्टला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडलेला असू द्या. स्वतःलाच बाहेर कोंडून घेणे हा या कामातला पहिला संस्कार आहे.

केबल कॅट ६ आणि शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ती वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. घरापासून कारखान्यापर्यंत किंवा वाड्यातल्या दुसऱ्या इमारतीपर्यंत तांब्याची तार नेऊच नका. आसपास वीज पडली तर तिचा झटका त्याच तारेने दोन्ही टोकांची यंत्रे जाळतो. तिथे फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. काचेतून वीज वाहत नाही.

आता बाहेरून घरात येणे. तुमच्या राउटरवर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसत असेल, तर कंपनीने तुम्हाला इतर ग्राहकांसोबत एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. याला सीजीनॅट म्हणतात. मग राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस आत येत नाही. टेलस्केल हा सोपा उपाय: ते वायरगार्डवर चालते आणि दोन्ही टोके आतून बाहेर जोडणी करत असल्याने सीजीनॅट आडवे येत नाही. सार्वजनिक पत्ता मिळत असला तरी प्रॉक्समॉक्सचा ८००६ किंवा रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट इंटरनेटला उघडू नका. उघड्या पोर्टवर पासवर्ड चाचपणारे स्वयंचलित कार्यक्रम दिवसरात्र फिरत असतात.

बॅकअप: एक पेणला, एक रोह्याला

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतो. जुना नियम तीन-दोन-एकचा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर.

एखाद्या जुन्या संगणकावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवा. तो रोज फक्त बदललेला भाग घेतो आणि घेतलेली प्रत शाबूत आहे का ते तपासतो. ही झाली घरातली दुसरी प्रत. घराबाहेरच्या प्रतीसाठी जोडीदार शोधा. पेणमधल्याने रोह्यातल्या मित्राकडे एक डिस्क ठेवावी, रोह्यातल्याने पेणला. पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका. एकाच पुरात दोन्ही घरे सापडणे कठीण. चक्रीवादळ मात्र तालुक्याच्या हद्दी मानत नाही, म्हणून ज्याची भरपाई होणार नाही असे थोडके, म्हणजे कागदपत्रे, फोटो, स्वतः लिहिलेला कोड, जिल्ह्याबाहेर किंवा क्लाउडवरही ठेवा.

पहिली प्रत नेटवरून पाठवू नका. २०० जीबी माहिती ४० एमबीपीएसच्या अपलोडने जायला अकरा तास लागतात, तेही लाइट न जाता. डिस्क घरीच भरा, दिवा-रोहा गाडीने नेऊन द्या, पुढे रोजचा फरक तेवढा टेलस्केलवरून जाईल. प्रत एन्क्रिप्ट केलेली असावी आणि तिची किल्ली कागदावर छापून घरच्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवावी. किल्ली फक्त लॅबमध्ये असेल, तर लॅब गेल्यावर बॅकअप असून नसल्यासारखा.

दर महिन्याला एक मशीन बॅकअपमधून दुसऱ्या नावाने परत आणा आणि ती खरोखर उघडते का ते पाहा. परत न आणलेला बॅकअप हा बॅकअप मोजू नका.

शिकण्याचा क्रम

पहिला महिना एकाच होस्टवर काढा: टेम्प्लेट, फाइल सर्व्हर, देखरेखीसाठी अपटाइम कुमा किंवा झॅबिक्स. दुसऱ्या महिन्यात ओपीएनसेन्स आणि व्हीलॅन. तिसऱ्यात मुद्दाम बिघाड करा: यंत्र बंद करून मिररमधली एक डिस्क काढा, सुरू करून मिरर अपुरा असल्याची नोंद वाचा, नवी डिस्क घालून तो भरून निघेपर्यंत पाहा.

मग दुसरा मिनी पीसी घेऊन क्लस्टर करा आणि चालू मशीन एकावरून दुसऱ्यावर न थांबता नेऊन पाहा. पण दोनच नोड असतील तर एक बंद पडताच उरलेल्याकडे बहुमत राहत नाही, आणि तो नवी मशीन सुरूच करू देत नाही. तिसरे मत देण्यासाठी रास्पबेरी पाय किंवा जुन्या लॅपटॉपवर 'क्यूडिव्हाइस' चालवा. मुलाखतीत 'कोरम' म्हणजे काय हे विचारले तर तुम्हाला व्याख्या आठवावी लागणार नाही.

सगळ्याची नोंद ठेवा: कोणती मशीन, कोणता पत्ता, काय बदलले, का बदलले. ती कागदी वहीत असू द्या. लॅबच्या आतल्या विकीवर लिहिलेली सूचना लॅब बंद असताना वाचता येत नाही.

कारखान्याच्या ऑर्डरी, साच्यांचे फोटो, एखाद्या डॉक्टरांची रुग्णनोंद असे काम कोणी तुमच्याकडे देऊ लागले तर आधी थांबा. शिकण्याची लॅब आणि चालती सेवा एका होस्टवर राहू शकत नाहीत. दुसऱ्यांची वैयक्तिक माहिती सांभाळणे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जबाबदारीचे काम केले आहे. सेवा द्यायचीच असेल तर वेगळे यंत्र, लेखी अटी आणि तपासलेला बॅकअप हवा. आणि गणेशोत्सवाआधीच्या दोन महिन्यांत कारखान्याच्या यंत्रावर एकही प्रयोग नको.

आगोटीची कामे

मेच्या अखेरीस, पहिल्या सरींआधी, एक दिवस लॅबला द्या.

– यूपीएसची बॅटरी भारावर लावून किती मिनिटे टिकते ते मोजा. उकाड्यात ती दोन-तीन वर्षांत थकते. पहिल्या नोंदीपेक्षा निम्मी झाली असेल तर बदला.
– यंत्रे उघडून ब्लोअरने धूळ काढा, जाळ्या बदला, पंखे फिरतात का पाहा.
– डिस्कचा स्मार्ट अहवाल वाचा. 'रिअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' आकडे वाढत असतील तर ती डिस्क पावसाळा काढेल असे धरू नका.
– प्रॉक्समॉक्स आणि फायरवॉल अपडेट करा, पण आधी बॅकअप घेऊन. जून ते सप्टेंबर मोठी आवृत्ती बदलू नका.
– राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा लहान डीसी यूपीएस लावा.
– घराबाहेरची डिस्क मागवून तिच्यावरून एक पूर्ण मशीन परत आणा.
– घरातल्या एका माणसाला दोन गोष्टी शिकवा: लॅब नीट बंद कशी करायची, आणि पाणी चढू लागले तर कोणती एक डिस्क उचलायची. त्या डिस्कवर रंगीत पट्टी चिकटवा.

यातले शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. पाऊस आला तेव्हा तुम्ही ऐरोलीच्या पाळीत असाल, आणि लॅबपाशी असेल ते घरातले दुसरे कोणी.